खवल्यांची परीक्षा

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, त्यांना पूर्वी ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे हा रिवाज. या समाजात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दावीद राहबी नावाचा एक विद्वान यहुदी बाहेरून कोकणात आला. हे तेली आपलेच भाईबंद असावेत असे त्याला वाटले, पण खात्री होईना. त्यांच्यापाशी ग्रंथ नव्हता, इब्रानी भाषा ते विसरले होते, बोली आणि पेहराव शेजारपाजारच्या लोकांसारखाच. तेव्हा त्याने एक युक्ती केली. तऱ्हेतऱ्हेचे मासे आणून त्यांच्या बायकांपुढे टाकले आणि शिजवायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले आणि म्हणाल्या, हे आमच्यात चालत नाहीत. राहबीची खात्री पटली. मग त्याने या समाजाला धर्माचे शिक्षण दिले.

गोष्ट एवढीच. बेने इस्राएलांबद्दल काहीही वाचायला घ्या, ही गोष्ट पहिल्या दोन-चार पानांत भेटतेच. पण ती नेहमी पुरावा म्हणून सांगितली जाते. ती खरी की खोटी, राहबी कोण, केव्हाचा, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. गोष्ट म्हणून, म्हणजे एक रचना म्हणून, तिच्याकडे कोणी पाहिल्याचे आमच्या वाचनात आले नाही. आम्ही इतिहासकार नव्हे. मालाडच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना शिकवतो. परीक्षा घेणे हा आमचा रोजचा व्यवसाय, आणि या गोष्टीत एक परीक्षाच आहे. तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा आमचा हक्क वाचक मान्य करतील असे वाटते.

ही गोष्ट तपशीलवार मांडली ती हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी. त्यांचा बेने इस्राएलांचा इंग्रजी इतिहास १८९७ साली लिहून तयार होता, पण तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर. केहीमकर राहबीला फार मागे, हजारेक वर्षांपूर्वीच्या काळात नेतात. इतर अभ्यासक म्हणतात, हा राहबी अठराव्या शतकातला असावा, कोचीनच्या डच कंपनीशी व्यापार करणाऱ्या राहबी घराण्यातला. त्या घराण्यातल्या एझेकिएल राहबींनी १७६८ साली लिहिलेल्या एका पत्रात मराठी मुलखातल्या या तेल गाळणाऱ्या यहुद्यांचा उल्लेख आहे. त्यांना शनिवारची विश्रांती आणि ‘शमा’ हे ईश्वराच्या एकत्वाचे वचन एवढेच ठाऊक आहे, अशा आशयाची ती नोंद आहे. राहबी एक होता की दोन, या वादात आम्ही पडत नाही. गोष्टीला त्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो पुढच्या भागाने. परीक्षा झाल्यावर राहबीने तीन जणांना निवडून शिकवून तयार केले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशी त्यांची आडनावे परंपरेने जपून ठेवली आहेत. त्यांच्या वंशजांकडे समाजाचे धार्मिक पुढारपण आले आणि त्यांना ‘काजी’ म्हणू लागले. हा शब्द वाचून आमच्या वाचकांना हसू येईल. पण कोकणात धर्माचा निवाडा करणारा तो काजी हे सर्वांना ठाऊक असलेले नाव होते. यहुद्यांनी ते घेतले आणि वापरले, त्यात कोणाला काही गैर वाटले नाही.

आता शिक्षकाच्या नजरेने पाहा. परीक्षेला बसल्या बायका. उत्तीर्ण झाल्या बायका. आणि पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला तीन पुरुषांना! निवडलेल्या पुरुषांची आडनावे गावांसकट राहिली. मासे निवडणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव राहिले नाही. त्या किती होत्या, कोणाच्या लेकी-सुना होत्या, मासे निवडताना आपसांत काही बोलल्या का, त्यातली एखादी अडखळली का, काही नाही. गोष्टीतला सगळ्यात जाणता माणूस परीक्षक ठरतो. वास्तविक त्या दिवशी त्या अंगणात नियम ठाऊक असलेली माणसे दोन प्रकारची होती. एकाने तो ग्रंथात वाचला होता. दुसऱ्यांना तो हाताने येत होता.

शिवाय ही परीक्षा सांगून घेतलेली नाही. बी.एड.ला आम्हांला मूल्यमापनाचे बरेच प्रकार शिकवले. मुलाला कळू न देता त्याचे निरीक्षण करणे हा त्यातला एक प्रकार, आणि त्यात पाठांतर चालत नाही. राहबीने तेच केले. ‘तुमचा धर्म कोणता’ असे विचारले असते तर पढवलेले उत्तर आले असते, किंवा आलेच नसते. त्याने प्रश्न विचारला नाही, मासे ठेवले. गोष्ट रचणाऱ्याची ही सूक्ष्म जाण आम्हांला फार मोलाची वाटते.

हा नियम आहे तरी काय? तोराहमधल्या लेवीय या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात आणि पुन्हा अनुवाद या ग्रंथाच्या चौदाव्यात तो येतो. पाण्यातल्या जीवांपैकी ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच खावा. जनावरांपैकी ज्याचा खूर दुभंगलेला आहे आणि जे रवंथ करते ते. यांपैकी एकच लक्षण असलेली चार जनावरे नावे घेऊन वगळली आहेत. त्यात डुकराबरोबर उंट आणि ससाही आहे. पक्ष्यांच्या बाबतीत लक्षण सांगितलेले नाही, फक्त वर्ज्य पक्ष्यांची यादी आहे. रक्त खायचे नाही, ठरावीक चरबी खायची नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोराहमध्ये तीनदा आली आहे. त्यातूनच पुढे मांस आणि दूध वेगळे ठेवण्याचा, त्यांची भांडीही वेगळी ठेवण्याचा मोठा पसारा उभा राहिला.

असे का, यावर नाना तर्क झाले. आपल्याकडे मजलिशीत आणि जलशांत सर्वांत लोकप्रिय तर्क आरोग्याचा. डुकराच्या मांसात जंत असतात म्हणून ते मना झाले, इत्यादी. हा तर्क जुना आहे. बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या यहुदी हकिमानेही आरोग्याचे कारण दिले होते. पण आम्हांला तो कधीच पटला नाही. उंटाच्या मांसाने कोण आजारी पडले? अरबांनी ते शतकानुशतके खाल्ले, आम्हांला ते हलाल आहे, यहुद्यांना हराम. कुरआनात सूरह अल-अनआममध्ये यहुद्यांवरच्या अशा काही बंदींचा, नखे असलेल्या प्राण्यांचा आणि चरबीचा, उल्लेख आहे. त्या बंदी त्यांच्या अवज्ञेशी जोडल्या आहेत, पोटदुखीशी नव्हे. हुकूम हा हुकूम म्हणून पाळणे वेगळे आणि त्याला डॉक्टरचे सर्टिफिकेट जोडणे वेगळे. सर्टिफिकेट जोडले की उद्या औषध निघाल्यावर हुकूम रद्द होतो, हे आमच्या वक्त्यांच्या लक्षात का येत नाही कोण जाणे.

मेरी डग्लस या विदुषीने १९६६ साली दुसरी वाट दाखवली. पाण्यात राहणाऱ्याने परांनी पोहावे, अंगावर खवले असावेत. ज्या जीवांची घडण आपल्या वर्गात चपखल बसत नाही ते वर्ज्य. म्हणजे हा जगाची मांडणी करण्याचा प्रकार आहे. नंतर तिने स्वतःच या मताला बरीच मुरड घातली. तरी आमच्या दृष्टीने तिचे श्रेय असे की तिने या याद्या स्वयंपाकघराचे नियम म्हणून न वाचता एखाद्या काव्यासारख्या, रचना म्हणून वाचल्या. पण तिच्याही वाचनात मासे निवडणारा हात दिसत नाही. दिसतो तो यादी करणारा पुरोहित.

त्या हाताकडे वळण्याआधी अलीकडच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांनी आमचेच मत हलवले.

पहिली हाडांची. योनातान अॅडलर आणि ओम्री लेर्नाऊ या दोन इस्रायली संशोधकांनी २०२१ साली तिथल्या तीस जागांवर सापडलेल्या प्राचीन माशांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की जुन्या यहुदा राज्यात, खुद्द जेरुसलेममध्येही, बिनखवल्यांचे मासे सर्रास खाल्ले जात होते. शिंगाळ्याच्या जातीचे मासे तर भरपूर. रोमन काळात येईपर्यंत मात्र यहुदी वस्त्यांतून ही हाडे जवळपास नाहीशी होतात. म्हणजे नियम ग्रंथात असणे आणि ताटात उतरणे यांत मोठे अंतर होते. आपले पूर्वज अँटिओकस राजाच्या जुलमामुळे, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास निघाले आणि अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे बेने इस्राएल मानतात. तो काळ नेमका या बदलाच्या उंबरठ्यावरचा. तेव्हा ‘अनादि काळापासून चालत आलेला नियम’ असे म्हणताना जीभ जरा चाचरते.

 या अँटिओकसने मंदिरात मूर्तिपूजा लादली होती आणि डुकराचे मांस खाण्याची सक्ती केली होती. आहाराचा नियम पाळणे ही जिवावरची गोष्ट झाली ती तेव्हापासून.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१६ साली बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम आशियातल्या यहुद्यांचा आणि हिंदुस्तानी लोकांचा, दोहोंचा मोठा वाटा निघाला. हा संकर १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, आणि त्यात यहुदी वाटा पुरुषांकडून अधिक, स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक. काहींना हे वाचून वाईट वाटले असेल. आम्हांला मात्र गोष्टीतल्या बायका एकदम स्पष्ट दिसू लागल्या. त्या बायकांच्या आज्या-पणज्या पुष्कळशा याच मातीतल्या असणार. ज्यांच्या माहेरी मुशी, वाम, पाकट, शिंगाळा, चिंबोऱ्या, तिसऱ्या सगळे शिजत होते, अशा मुली या घरांत सुना म्हणून आल्या असतील आणि चुलीपाशी बसून, सासूचा हात पाहून, काय पातेल्यात टाकायचे आणि काय सुपात मागे ठेवायचे ते शिकल्या असतील. हा आमचा तर्क आहे. पण तो मानला तर राहबीने ओळखले ते रक्त नव्हे, शिक्षण होते. आणि ते शिक्षण त्याच्या येण्याआधी होऊन गेलेले होते, त्याच्यासारख्या कोणत्याही विद्वानाशिवाय.

कोकणच्या चुलीने या नियमाला आणखीही बरेच काही केले. मांसात दूध-दही चालत नाही, तर नारळाचे दूध होतेच. सण आला की गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. युरोपातल्या यहुदी धर्मशास्त्र्यांनी लिहून ठेवले आहे की बदामाच्या दुधात मांस शिजवले तर ताटाशेजारी चार बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला गैरसमज होणार नाही. कोकणात त्याची गरजच पडली नाही. नारळ परसातच उभा होता. उलट गोमांस, जे तोराहप्रमाणे खुशाल चालते, ते हिंदू शेजाऱ्यांत राहून बेने इस्राएलांनी टाळले. म्हणजे या चुलीने ग्रंथातला एक नियम राखला, दुसऱ्यासाठी सोपी वाट काढली आणि ग्रंथाबाहेरचा तिसरा नियम आपणहून घातला.

आणि मलिदा. नवस फेडताना, शुभकार्यात, पैगंबर एलियाहूच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचे ताट मांडतात. एलियाहू म्हणजे आपले हजरत इल्यास. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांचे दर्शन झाल्याची श्रद्धा आहे. आमच्याकडे फातिहाला मलिदा करतात तो पोळी चुरून, तूप-गूळ घालून. पदार्थ वेगळा, नाव एक. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेल्या त्यांच्या पहिल्या प्रार्थनागृहाला ते ‘मशीद’ म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. काजी, मशीद, मलिदा. हे शब्द कोणी कोणाकडून घेतले याचा हिशेब न मागता दोन्ही समाज ते वापरत राहिले.

साहित्यात या स्वयंपाकघराची दखल नीट घेतली ती एस्तर डेव्हिड यांनी. त्यांच्या ‘द बुक ऑफ रेचेल’ या इंग्रजी कादंबरीला २०१० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दांडा या किनारपट्टीच्या गावात मागे राहिलेली एकटी बाई, मुले इस्रायलला गेलेली, आणि ओस पडलेले प्रार्थनागृह बिल्डरच्या हाती जाऊ नये म्हणून तिची झुंज. प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होते. हा प्रयोग काहींना बाहेरच्या वाचकासाठी केलेली सजावट वाटला. थोडा तसा तो आहेही. मोजमापासह दिलेली कृती वाचताना कथेचा ओघ थांबतो, आणि हाताने येणारी गोष्ट चमच्यांत मोजली की तिचा प्राण काहीसा कमी होतो. तरी आमच्या मते या कादंबरीने राहबीच्या गोष्टीतली मोठी उणीव भरून काढली. येथे मासे निवडणाऱ्या बाईला नाव आहे, आणि प्रार्थनागृहाची किल्लीही तिच्याच कमरेला शोभावी अशी ती आहे.

आता आपल्याकडे पाहू. मुस्लिम मराठी साहित्यात बिर्याणी पुष्कळ आहे, शिरखुर्मा तर प्रत्येक ईदेच्या कथेत आहे. पण हलाल-हराम येते ते भाषणात, नाहीतर दंगलीच्या आधीच्या प्रसंगात. चुलीपाशी तो विचार कसा होतो, कोण करते, कोणाला शंका येते, हे क्वचितच येते. जणू हा प्रश्न फतवा देणाऱ्यांचाच आहे. आम्ही स्वतःलाही यातून वगळत नाही.

वास्तविक त्यासाठी फार लांब जायला नको. मालाड पश्चिमेला आमच्या मालवणीत संध्याकाळी मढ, भाटी, मार्वेच्या कोळणी टोपल्या घेऊन बसतात. त्या एका टोपलीसमोर तीन तऱ्हेचे मुसलमान उभे असतात. शिया भाऊ खवल्यांचाच मासा घेतात, त्यांच्या फिक्हमध्ये नियम जवळजवळ यहुद्यांसारखाच आहे, फक्त कोळंबी चालते. हनफी मुशी घेतील पण चिंबोरीला हात लावणार नाहीत, आणि कोळंबीवर त्यांच्यात अजून वाद आहे. कोकणी मुसलमान शाफई, त्यांना दर्यातले बहुतेक सगळे चालते. कोळीण मावशी कोणाला काही विचारत नाही. गिऱ्हाईक पाहून ती आपोआप त्या बाजूची मासळी पुढे सरकवते. राहबीची परीक्षा येथे रोज होते, फक्त परीक्षक आणि परीक्षार्थी यांच्या जागा बदलल्या आहेत.

याच मालाडात परीक्षेची दुसरी तऱ्हाही आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने जागा शोधत होतो. एका इमारतीत नाव सांगण्याआधीच विचारले गेले, ‘खाता काय?’ आम्ही खरे सांगितले. जागा मिळाली नाही. राहबीने ताटावरून माणूस ओळखला तो त्याला आपल्यात घेण्यासाठी. आमच्या शहरात ताट पाहतात ते दार लावून घेण्यासाठी. पण आमच्यातही कोण कोणाच्या हातचे खातो, कोणाच्या दुकानातले मटण ‘आपले’ नव्हे, ही कुजबूज आहेच. सूरह अल-माइदाने अहले-किताबचे अन्न आम्हांला हलाल ठरवले, आणि आम्ही मसलक पाहून शेजाऱ्याच्या पातेल्यात डोकावतो.

आमची अम्मी कोकणातली, शाफई घरातली. अब्बांचे घर उत्तरेकडचे, हनफी. लग्नाआधी अम्मी चिंबोऱ्यांचे कालवण फार छान करी असे मामू सांगतात. आमच्या घरात आम्ही ते कधी खाल्ले नाही. या लेखाच्या निमित्ताने आम्ही तिला विचारले की तुला मनाई कोणी केली, अब्बांनी की दादाजींनी? ती म्हणाली, ‘कोणीच नाही रे. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तुझी दादी मासळी निवडायला बसली होती. तिने चिंबोरी उचलली आणि कोळणीच्या टोपलीत परत ठेवली. मी बघितलं.’

एक अॅल्युमिनियमचे जुने पातेले मात्र माळ्यावर आहे. मामू गावाहून आले की ते खाली उतरते. त्या दिवशी अब्बा असरच्या नमाजला जातात ते इशा आटोपूनच घरी येतात, आणि आल्यावर जेवायला काय आहे असे विचारत नाहीत.